बाईच्या चित्रातले हात

श्रोतेहो, नमस्कार. मी ठाण्यात चित्रकला शिकवते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी मुलं माझ्याकडे येतात. स्मरणचित्राला बाजार किंवा पाण्याचा नळ असा विषय आला की कागदावर बायकाच बायका उभ्या राहतात. साडी झकास, अंबाडा झकास, कपाळावर ठसठशीत कुंकू. हात मात्र गायब! एक घागरीमागे, दुसरा पदराखाली. कारण उघड आहे, हात काढणं चेहऱ्यापेक्षा अवघड. या मुलांमुळे मला एक खोड लागली. कुठलंही बाईचं चित्र समोर आलं की मी आधी हात बघते. चेहरा देखणा करणं चित्रकाराच्या सवयीचंच असतं. त्याने हातांना काय काम दिलंय, त्यावरून कळतं की त्याला माणूस दिसत होतं की नुसती शोभा.

राजा रविवर्म्यांपासून सुरुवात करू. 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला नेला. पुण्याच्या गाडीने जाताना लोणावळ्यानंतर लागतं ना, तेच मळवली. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या देवघरांत अशा बसल्या, की देवी म्हटल्यावर आजही तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो. पण मला त्यांची शकुंतला आवडते. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून ती मागे वळून बघतेय. एक हात सखीच्या खांद्यावर, दुसरा तळपायाकडे. काटाबिटा काही नाही, हे त्या हातालाही ठाऊक आहे. हात खोटं बोलतोय आणि मान खरं सांगतेय. एवढं नाटक एका मनगटात आणायचं, तर बाई नीट निरखलेली असावी लागते.

आता कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवलं. त्यांच्या चित्रांतल्या बायका रिकाम्या बसत नाहीत. टोपली सावरतात, पोराला कडेवर घेतात, भाव करतात. पदर खोचलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते, तेव्हा वजन कुठल्या पायावर येतं, हे धुरंधरांना नेमकं माहीत होतं. 1920 साली रॉथफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. त्यासाठी धुरंधरांनी 48 रंगीत चित्रं केली. चित्रं फार सुरेख आहेत, पण त्या पुस्तकाबद्दल माझ्या मनात अढी आहे. चित्राखाली बाईची जात, धंदा, प्रांत लिहिलेला. तिचं नाव नाही. साहेबाला नमुने हवे होते. धुरंधरांनी नमुना म्हणून काढलेली बाईसुद्धा कुणाची तरी शेजारीण वाटते, हे श्रेय त्यांचं.

मग आला दिवाळी अंकांचा आणि कॅलेंडरांचा काळ. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 साली 'दीपावली' हा अंक सुरू केला. दुसरीकडे रघुवीर मुळगावकर एअरब्रशने अशी कांती रंगवत, की कागदाला हात लावला तर पावडर बोटाला लागेल. आमच्या घरी कॅलेंडर जुनं झालं तरी खालची तारखांची पानं तेवढी फाडत, वरचं चित्र भिंतीवर राही. या बायकांचे हात बघा. निमुळती बोटं, रंगवलेली नखं, हातात पणती, कमळ नाहीतर मोगऱ्याचा गजरा. पण भांडी घासल्याची एक खूण त्या हातांवर नाही. ही चित्रं ज्या स्वयंपाकघरांत टांगलेली होती, तिथले हात कसे होते ते सांगायला नको. दलालांचं मुखपृष्ठ उलटून आत जाल तर कथेसोबतच्या रेखाचित्रांत वेगळेच दलाल भेटतात. दोन-चार फटकाऱ्यांत बाई दमलेली आहे की रुसलेली, ते कळतं. मला विचाराल तर खरे दलाल त्या आतल्या पानांवर.

दिवा घेतलेली बाई मात्र एकच, सावळाराम हळदणकरांची. हे चित्र रविवर्म्यांचं असं अजूनही पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. ते आहे हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. समोर उभी होती त्यांचीच मुलगी, गीता. एका हातात दिवा, ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. प्रकाश बोटांतून झिरपतोय आणि बोटांच्या कडा लालसर झाल्यात. जलरंगात ही फार जोखमीची गोष्ट, बरं का. तेलरंगात चुकलं तर वरून पांढरा फासता येतो. इथे उजेड म्हणजे मुळातला कागद, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा रंग चढला की गेला. तिचा चेहराही गोड आहे, पण चित्र उभं आहे ते त्या आडोशाच्या हातावर.

अमृता शेरगिलच्या 1935च्या 'तीन मुली' याच्या अगदी उलट. त्या चित्राला 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिघी जवळजवळ बसल्यात, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि हात स्वस्थ. त्या हातांना काही करायची मुभाच नाही. पुढे काय होणार ते दुसरंच कुणी ठरवणार आहे. मला वाटतं, हे दिसायला चित्रकार बाईच असावी लागली.

आणि घरच्या अंगणातली गोष्ट राहूनच जायची. 2014मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत वारल्यांचा बहुतेक मुलूख आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. येऊरच्या पाड्यांवर आजही वारली वस्ती आहे. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरातलं चौकोनी चित्र, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा, तो सवाशिणींनी. त्यात पालघट देवी बसवायची. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी ही चित्रं बाहेर आणली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांचं नाव जगभर झालं. म्हसे थोरच, शंका नाही. पण लिहिणाऱ्या सवाशिणी मागेच राहिल्या. त्यांच्या चित्रात बाई म्हणजे दोन त्रिकोण आणि काडीसारखे हात. नाक-डोळे नाहीत. तरी ती भात कांडतेय, पाणी आणतेय की नाचतेय, ते एका रेषेच्या कोनावरून लगेच समजतं. पुरुषापासून तिला वेगळं ओळखायचं ते अंबाड्याच्या एका ठिपक्यावरून.

हल्ली आपल्याकडे पुलाचे खांब आणि सोसायट्यांच्या भिंती वारलीने भरतात. कंत्राटदाराची माणसं स्टेन्सिल लावून पटापट मारत जातात. त्या घाईत पुष्कळदा अंबाडाच राहतो, आणि मग तारपा या वाद्याभोवतीच्या नाचात सगळे बाप्येच.