फेटा गेला कुठे?

मंडळी, बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला, तिथं स्लाइड फिल्मवर, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगातलं चित्र उमटतं त्या फिल्मवर, बोलायला भीती कसली? तरी विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला, "अजून मिळती व्हय?" मिळते. कोडॅकने एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१२ मध्ये बंद केली, २०१८ मध्ये पुन्हा आणली. किंमत विचारू नका, काहींची घरची माणसं सोबत आली आहेत. (हशा)

आमच्या ओळखीत एक स्टुडिओवाले होते. लग्नं काढून काढून हात असा बसलेला की उजेड मोजायचा मीटर बॅगेतच. एकच मंत्र: "भावा, फिल्मला उजेड कमी पडाय नको. एक स्टॉप जास्तच दे." एक स्टॉप जास्त म्हणजे उजेड दुप्पट. प्रिंट काढायच्या साध्या निगेटिव्ह फिल्मला हे अगदी बरोबर. ती जादा उजेड पोटात घालते, प्रिंट काढताना सावरता येतं. या मंत्रावर त्यांनी दुमजली घर बांधलं. मग कुणीतरी त्यांना स्लाइडचा रोल दिला आणि हे निघाले जोतिबाला, चैत्री यात्रेला. टळटळीत दुपार, सासनकाठ्या, गुलालाचे लोट. रोल मुंबईहून धुऊन आला तेव्हा लाइट बॉक्सभोवती ही गर्दी! सासनकाठी धरलेले एक आजोबा. कपाळाच्या आठ्या आहेत, हाताच्या शिरा आहेत, पण डोक्यावर फेटाच नाही. लूप, म्हणजे भिंग, लावून बघितलं. एक घडी दिसेना, गुलालाचा कण दिसेना, थेट खालची ट्यूब दिसायली. स्टुडिओवाल्यांचा निकाल तयार होता: "लॅबनं घालवला." पुढं कित्येक वर्षं ते त्या लॅबच्या नावानं शंख करत होते. आपल्याकडे काहीही बिघडलं की ते मुंबईतच बिघडलेलं असतं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

फेटा लॅबनं नाही, त्या जादा स्टॉपनं घालवला. स्लाइडमध्ये जिथं उजेड जास्त पडतो, तिथली फिल्मवरची चांदी धुण्याच्या पहिल्याच रसायनात, डेव्हलपरमध्ये, कामी येते. रंग धरायला मागं काही उरत नाही, राहते कोरी फिल्म. पुढं प्रिंटची पायरी नाही, म्हणजे सावरणारं कुणी नाही. गडद सावलीपासून उजळ भागापर्यंत फिल्मवर मावतं ते सगळं मिळून साधारण पाच स्टॉप. तेव्हा सावलीला विचारत बसू नका. पोत दिसायलाच हवा अशी सर्वांत उजळ जागा शोधा, म्हणजे पांढरा फेटा, आणि स्पॉट मीटर, म्हणजे एवढ्याशा जागेचाच उजेड मोजणारा मीटर, तिथं धरा. मीटरला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. शंभर आयएसओच्या फिल्मला भर उन्हात तो सांगेल भिंगाचं छिद्र एफ ११, शटर एक हजारांश सेकंद. तसंच दाबलंत तर फेटा मळका येणार. दोन स्टॉप जादा द्या, म्हणजे चौपट उजेड: छिद्र तेच एफ ११, शटर एक अडीचशांश. फुजीची वेल्व्हिया फिल्म असेल तर दीडच.

पंचगंगेच्या पाण्यावर ऊन चमकतं, पितळी भांडं लखलखतं, त्यावर मोजू नका. तिथं पोत नसतोच. सावल्या काळ्या होतील, होऊ द्यात. फारच खटकल्या तर ऊन उतरेपर्यंत थांबा.

स्पॉट मीटर नसेल तर जवळ जाऊन फेट्यानं चौकट भरा आणि कॅमेऱ्याचाच मीटर वाचा. आजोबांना विचारून, हां! शंका वाटली तर अर्धा स्टॉप कमी देऊन आणखी एक फोटो घ्या. डिजिटलवाल्यांनो, हसू नका, तुमचा पांढरा रंगही असाच उडतो, फक्त... बरं, उतरतो. प्रश्न खाली चहाच्या गाड्यावर विचारा.