टाळूजवळचा खळगा

ही कवटी पाहा. टाळूच्या जागेपासून बोटभर अंतरावर एक उथळ, गोल खळगा आहे. भोक नाही, नुसता खळगा.

हंगेरीतल्या दहाव्या शतकातल्या कबरींमधून अशा कवट्या बऱ्याच निघाल्यात. ही माणसं मग्यार. ८९५ च्या सुमारास पूर्वेकडच्या गवताळ मैदानांतून घोड्यांवर बसून कार्पेथियन खोऱ्यात उतरलेली.

कवटीला आरपार भोक पाडणंही त्यांना जमत होतं. डोक्यात घाव बसून हाडाचे तुकडे आत रुतले, तर कवटी उघडत. आणि त्यातली कितीतरी माणसं वाचली. भोकाच्या कडा भरून गुळगुळीत झाल्यात, आणि मेलेल्याचं हाड काही भरून येत नाही.

पण या खळग्याचं काय? कवटीच्या हाडाला तीन थर असतात. वरचा टणक, मधला जाळीदार, आतला पुन्हा टणक. इथं वरचा थर खरवडून हत्यार थांबलंय. हात चुकला म्हणावं, तर एकाच जातीच्या खुणा इतक्या डोक्यांवर कशा? आतवर जायचंच नव्हतं. लायोश बार्तुत्स या हंगेरियन मानवशास्त्रज्ञानं या खुणांचा बारकाईनं अभ्यास केला. खुणांना नाव मिळालं : प्रतीकात्मक ट्रेपनेशन. ट्रेपनेशन म्हणजे कवटीला भोक पाडणं; इथं त्याचं नुसतं प्रतीक.

प्रतीक कशाचं? कुणी म्हणतं, आत्मा डोक्यात राहतो, त्याच्यासाठी ही वाट. हंगेरियन लोककथांतला ताल्तोश, म्हणजे त्यांचा देवऋषी, इथं हमखास आठवतो. पण खुणा बायकांच्याही डोक्यांवर आहेत, पुरुषांच्याही. एवढे सगळे देवऋषी कसे असतील? दुसरे म्हणतात, हा डोकेदुखीवरचा, फेफऱ्यावरचा इलाज. आपल्याकडे पोटदुखीवर बिब्याचा चटका देत, तसा. मला हे आधी पटलं होतं.

मग जागेकडे लक्ष गेलं. बऱ्याच खुणा टाळूच्या आसपास, कवटीचे सांधे मिळतात तिथं. बाळाची टाळू तेलानं भरणाऱ्या आजीला ही जागा बरोबर कळेल. तान्हेपणी तिथं बोट ठेवलं की धडधड लागते. नुसत्या इलाजाला नेमकी हीच जागा कशाला?

शिवाय इ.स. १००० च्या सुमारास इश्तवान ख्रिस्ती राजा म्हणून गादीवर आला, आणि पुढच्या पिढ्यांत या खुणा विरळ होत गेल्या. नुसता इलाज असता, तर धर्माबरोबर तो का सुटावा?

जखम भरली, वर केस आले, की ही खूण चारचौघांत दिसतही नसणार. डोकं विंचरणाऱ्या हाताला मात्र लागत असेल.