शहराच्या मैलापाण्यातला गॅस

नमस्कार मंडळी. वाळव्याकडं माझ्या आत्याच्या परड्यात गोबरगॅस होता, लोखंडी ड्रमवाला. गॅस भरला की ड्रम वर यायचा, ज्योत मंद झाली की आत्या मला ड्रमवर दोन दगड ठेवायला पिटाळायची, म्हंजे दाब वाढायचा. पण थंडीत ड्रम काही वर यायचा नाही आणि पुन्हा चूल पेटायची. असं का, ते मला एसटीपीत, म्हंजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरीला लागल्यावर कळलं. गॅस करणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते, 35 ते 37 अंशाला ते जोरात काम करतात, गारठ्यात सुस्तावतात.

शहराचं मैलापाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचा वास सांगलीकरांना मी काय सांगणार. पण त्या घाणीतच इंधन आहे. एसटीपीत पाणी आधी संथ ठेवतात, गाळ खाली बसतो, मग हवा मारतात त्यातनंही गाळ निघतो, आणि हा सगळा गाळ डायजेस्टरमध्ये, म्हंजे बंद टाकीत, वीसेक दिवस हवेशिवाय ठेवला की गॅस सुटतो, त्यात 60-65 टक्के मिथेन, म्हंजे आत्याच्या शेगडीत जळायचा तोच. हे खूळ नवं नाही बरं का, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात एकोणिसाव्या शतकातच मैल्यापासनं गॅस केला होता, आणि कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास गोबरगॅसला जोडून दाखवले. सुरत महापालिकेनं 2003 साली अंजनाच्या प्लँटवर या गॅसची वीज केली.

आता हिशोब बघा. पुस्तकात माणशी रोज 15-20 लिटर गॅस धरतात, आपल्याकडं मैलापाणी पातळ म्हणून मी दहाच लिटर धरतो, तरी एक लाख वस्तीचे रोज हजार घनमीटर होतात. या गॅसवर इंजिन चालवलं की एका घनमीटरला दोनेक युनिट वीज, म्हंजे रोज दोन हजार युनिट. एसटीपीचं लाईट बिल खातो तो हवा मारणारा ब्लोअर, त्याच्या खर्चाला हा केवढा आधार आहे! शिवाय इंजिन गार करणारं जे गरम पाणी असतं ते डायजेस्टरकडं फिरवलं की आत जानेवारीतही ऊब राहते, आत्याच्या ड्रमला हे सुख कुठलं.

मग अडतं कुठं? मी जिथं होतो तिथं इंजिन बसवलं, उद्घाटन झालं, आणि दीड वर्षात बंद पडलं. या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा, तो ओलाव्याशी मिळून ॲसिड होतो आणि इंजिन आतनं खातो. तो काढायला स्क्रबर, म्हंजे गॅस धुणारं यंत्र असतं, पण त्यातलं मटेरियल वेळेवर बदललंच नव्हतं, कारण त्या खर्चाची फाईल कुणी हलवली नाही. त्यानंतर कित्येक महिने रोज रात्री तो गॅस फ्लेअरवर, म्हंजे जादा गॅस जाळायच्या नळीवर, नुसता जळताना बघायचो आणि तिकडं ब्लोअर विकतच्या विजेवर चालायचा, फार वाईट वाटायचं. जाळला ते बरंच म्हणा, कारण तसाच सोडला असता तर शंभर वर्षांच्या हिशोबानं मिथेन कार्बन डायऑक्साईडच्या 28 पट हवा तापवतो.

शेवटी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतला जुना फिटर बघायला आला. त्यानं ऑईल बोटावर घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही गॅस धुतच नाही. बेअरिंगं बदलली, मटेरियल भरलं, लाईनमधलं साठलेलं पाणी रोज काढायची सवय लावली, इंजिन सुरू झालं!

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, यातला मिथेन हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की ठिणगीनं स्फोट होतो, आणि सल्फाईड जास्त झाला की नाकाला वास येणंच थांबतं, म्हंजे वास गेला म्हणून धोका गेला असं नसतं. चेंबरमध्ये मीटरनं तपासल्याशिवाय कुणालाही उतरवू नका, कितीही घाई असली तरी.

आता नवे प्लँट एसबीआर पद्धतीचे येतात, म्हंजे एकाच टाकीत आळीपाळीनं हवा मारायची आणि गाळ बसू द्यायचा. जागा कमी लागते, पाणी चांगलं निघतं, पण बऱ्याच ठिकाणी गाळ हवेतच इतका जिरवतात की डायजेस्टरला त्यात सत्त्व उरत नाही, म्हंजे गॅस मिळणार का नाही हे टेंडरच्या कागदावरच ठरून जातं. लहान गावाला डायजेस्टर परवडणार नाही हेही खरं. पण सांगली, सातारा, कराडनं आधी विचारायला नको का? पुराची रेघ 2019 साली सगळ्यांनी बघितलीय, तेव्हा इंजिन आणि पॅनेल त्या रेघेच्या वर हवेत.

आणि माणसं शोधायला लांब जायला नको. आपल्याकडच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत स्पेंटवॉशपासनं, म्हंजे स्पिरिट काढल्यावर उरलेल्या पाण्यापासनं, गॅस करून बॉयलरला जाळतात, ते काम हातात बसलेली माणसं इथंच आहेत. टेंडर काढायच्या आधी त्यांच्यातल्या एकाला चहाला बोलवा आणि स्क्रबरचं मटेरियल दर किती महिन्यांनी बदलतो ते विचारून घ्या, आणि तो खर्च पहिल्याच वर्षाच्या बजेटमध्ये लिहा.