जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा सरला, दसरा झाला की आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडे गाड्यांची कामं निघतात. कोणाची थार तोरणमाळच्या घाटातून चिखल खाऊन आलेली असते, कोणाची बोलेरो रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांतून पावसाळाभर ये-जा करून थकलेली असते, आणि एखाद्या खळ्यावर अजूनही जुनी महिंद्रा जीप उभी असते. ग्रीस मारायचं असतं, ब्रेकचे लायनर बघायचे असतात, चाकं अदलाबदल करायची असतात. गॅरेजवाला म्हणतो, दिवाळीनंतर या. मग घरातला एखादा हौशी मुलगा म्हणतो, एवढ्यासाठी गॅरेज कशाला, मीच करतो.

करावं. जरूर करावं. ज्याच्या हाताला पाना ओळखीचा आहे तो माणूस रस्त्यात अडून बसत नाही. हे शाळेत आठवीपासून शिकवायला हवं, मुलांना आणि मुलींनाही, असं माझं फार जुनं मत आहे. आमच्याकडे मुली स्कूटी चालवतात, ट्रॅक्टर चालवतात, पण चाकाचा नट कोणत्या बाजूला सैल होतो हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. ते असो.

आज बोलायचंय ते गाडी उचलण्याबद्दल. या गाड्या दीड-दोन टनांच्या. तेवढं वजन तुमच्या डोक्यावर आलं की काय होतं ते सांगायला नको. म्हणून एक वाक्य लक्षात ठेवा. जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. पुन्हा सांगतो. जॅक उचलतो, धरून ठेवत नाही.

गाडीबरोबर कंपनी जो जॅक देते तो रस्त्यात पंक्चर झालं तर स्टेपनी बदलण्यापुरता. बॉटल जॅक घ्या, ट्रॉली जॅक घ्या, त्यांच्यात सगळा भार तेलावर असतो आणि ते तेल एका छोट्या व्हॉल्व्हने आणि रबरी सीलने अडवलेलं असतं. सील झिजलं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की गाडी खाली येते. कधी सावकाश येते, कधी एकदम. म्हणून गाडीखाली जायचं तर घोडीच्याच भरवशावर. घोडी म्हणजे ते तिपाई-चौपाई लोखंडी स्टँड, खिळ घालून उंची पक्की करतात ते. जोडीने विकत मिळतात. मोठे टायर आणि चमकणारे लाइट यांच्यावर जेवढा खर्च होतो, त्याच्या मानाने अगदी थोड्या पैशांत घोड्यांची जोडी येते. मला तर जळगावच्या रस्त्यांवर त्या भल्यामोठ्या टायरांचं कामच समजत नाही. गाडी उंच होते, कंपनीचा जॅक पुरत नाही, आणि मग मुलं जॅकखाली विटा रचतात. वीट दाबाखाली हळूहळू खचत नाही, फुटते. सिमेंटचा पोकळ ठोकळाही तसाच. विटा नकोत, ठोकळे नकोत.

आता एक प्रसंग सांगतो. मी जिथे जातो तिथे सांगतो.

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी माझ्या मामाचं गाव. मामाकडे जुनी महिंद्रा जीप होती, पुढे-मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा अखंड लोखंडी आस, आणि पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असलेली. पिंपळनेरच्या बाजारात कांदा न्यायला हीच, लग्नाच्या वऱ्हाडाला हीच, आणि कोणी आजारी पडलं तर धुळ्याला दवाखान्यातही हीच. मामाचा मधला मुलगा हुशार, हाताला चपळ. दिवाळीच्या आधी मागच्या ब्रेकचे लायनर बघायचे म्हणून त्याने जीप खळ्यावर निंबाखाली लावली. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. मागच्या ॲक्सलला डाव्या बाजूने बॉटल जॅक लावून चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं. चाक अजून काढायचं होतं, नट नुसते ढिले केलेले.

तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. आप्पा म्हणजे एसटीच्या डेपोत सगळी नोकरी केलेला माणूस, हयात बसखाली गेलेली. ते आले होते विळा मागायला. जीपकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विळ्याचं विसरले.

"चाकाला दगड का नाही लावला रे?"

मुलगा म्हणाला, "आप्पा, गाडी गिअरमा शे, हँडब्रेक बी लायेल शे. कोठे जाई?"

आप्पा काही बोलले नाहीत. मामींना म्हणाले, तांब्याभर पाणी द्या. आम्हाला वाटलं, प्यायला. त्यांनी ते पाणी जीपच्या पुढच्या चाकाजवळ जमिनीवर ओतलं. खळं सारवलेलं, चोपलेलं, दिसायला ताटासारखं सपाट. पण पाण्याची धार निघाली ती सरळ गोठ्याच्या दिशेने. थांबली नाही, पसरली नाही, निमूट गोठ्याकडे गेली. उतार होता. इतकी वर्षं त्या खळ्यावर वावरणाऱ्या कोणाला तो दिसला नव्हता.

मग त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं. लहान पोरांना ओट्यावर चढवलं. गोठ्याच्या बाजूला, पुढच्या दोन्ही चाकांपासून दोन बोटांवर, भले मोठे दगड ठेवले. चाकाला टेकवून नाही, दोन बोटं सोडून. आणि मुलाला म्हणाले, "आते दख. त्या उचललेल्या चाकावर नजर ठेव."

आप्पा जीपच्या मागे गेले आणि नुसता हाताने रेटा दिला. गिअर पडलेला, हँडब्रेक ओढलेला, आणि जीप निघाली! दोन बोटं गेली आणि दगडाला टेकून थांबली. पण त्या दोन बोटांत आम्ही काय पाहिलं? हवेतलं डावं चाक फिरलं, आणि फिरलं ते उलटं. गाडी पुढे, चाक मागे. आणि जॅक, जो आत्तापर्यंत काटकोनात उभा होता, तो ॲक्सलबरोबर ओढला जाऊन तिरका झाला. डोळ्यांना स्पष्ट दिसावा इतका तिरका. आणखी एखादी वीत गेली असती तर ॲक्सल त्यावरून घसरलाच असता. चाक अजून जागेवर होतं म्हणून गाडी चाकावर तरी बसली असती. चाक काढून तो मुलगा आत डोकं घालून बसला असता, तर?

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो स्वतःच जाऊन आणखी चार दगड घेऊन आला.

आता हे असं का झालं ते नीट ऐका, कारण इथेच पुष्कळ जाणती माणसंही फसतात. त्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच. तो असतो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या, मागे, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे तिथून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर. गिअरही अडवतो तो शाफ्टच. म्हणजे दोघांनी मिळून धरला एक शाफ्ट. पण शाफ्ट आणि चाकं यांच्यामध्ये बसलाय डिफरन्शियल, आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणं हेच त्याचं काम. शाफ्ट घट्ट धरलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरं तितकंच मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असतात तोवर त्यांना उलटसुलट फिरता येत नाही, म्हणून गाडी थांबते. एक चाक हवेत गेलं की ते मोकळं झालं. ते मोकळं झालं की जमिनीवरचंही मोकळं झालं. पुढची चाकं तर मोकळीच होती.

पुन्हा सांगतो. मागचं एक चाक उचललं की गिअरचा भरवसा संपला. हँडब्रेक शाफ्टवर असेल तर त्याचाही संपला. नव्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, ही बरी गोष्ट. पण त्या गाडीचं पुढचं टोक उचललं तरच तो पूर्ण कामाचा. मागची दोन्ही चाकं उचलली तर हँडब्रेक हवेतली चाकं धरून बसतो, जमिनीवरची पुढची चाकं मोकळीच.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, असेल तर ट्रान्सफर केसचा दांडा फोर व्हीलमध्ये टाका, म्हणजे पुढचा ॲक्सलही शाफ्टांमार्फत गिअरला बांधला जातो. पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, लॉक असतील तर तेही लावा. आणि एक गोष्ट विसरू नका. ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलवर राहिला असेल तर गिअर टाकलेला असून नसल्यासारखा, ऑटोमॅटिकचं पार्किंगही तसंच. दांडा न्यूट्रलवर नाही ना, हे हात लावून बघा.

पण खरा भरवसा पाचरीचा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून पाचर. आप्पांनी त्याच दिवशी गावातल्या सुताराकडून मामाच्या मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या लाकडातून चार पाचरी कापून घेतल्या. बाभळीचं जुनं लाकूड दबत नाही, चिरत नाही. खाली धार, वर उंची, आणि चाकाच्या गोलाईत बसेल असा उतार. पुढे किती गाड्या आल्या-गेल्या, त्या पाचरी सीटमागेच असतात. गोल दगड लावू नका, तो चाकाबरोबर लोळतो.

बाकीचं आता भरभर सांगतो.

जागा. आपली काळी जमीन वरून वाळलेली दिसते, खाली ओल असते. जॅकचं बूड एका बाजूने रुतलं की जॅक कलंडला. म्हणून त्याखाली जाड फळी, दोन इंच जाडीची, निदान फूटभर लांब-रुंद. शहाबादी फरशीवर थेट जॅक नको, खाली पोकळी असेल तर फरशी तडकते. आणि उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा डांबरसुद्धा मऊ होतं, घोडीचे पाय त्यात शिरतात. तिथेही फळी लागतेच.

उचलायच्या आधी चाकाचे नट अर्धा फेर ढिले करा. हवेत लोंबणाऱ्या चाकाचे नट जोर लावून सोडवायला गेलात की गाडी हलते. मोठ्या पान्याला हिसका देऊन सोडवायचा कोणताही बोल्ट असाच, चाकं जमिनीवर असताना आधी ढिला करून ठेवा.

जॅक कुठे लावायचा? सरळ ॲक्सल असेल तर ॲक्सलला, पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या जवळ. पाटे नसून स्प्रिंग असेल तरी ॲक्सलच्या टोकाकडे, चाकाजवळ. डिफरन्शियलच्या गोळ्याला नाही, कारण गाडी एका टोकावर डोलते आणि मागचं पातळ झाकणही दबतं. इंजिनच्या चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याला, तर कधीच नाही. थार, बोलेरो यांच्या पुढच्या बाजूला सरळ ॲक्सल नसतो, तिथे कंपनीच्या पुस्तकात दाखवलेली जागा किंवा चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. चासीला लावलं की आधी स्प्रिंग मोकळी होते, चाक लोंबत राहतं, आणि बरंच उचलल्यावर कुठे ते सुटतं. ॲक्सलला लावलं तर थोडक्यात काम होतं. आणि जितकं कमी उचलाल तितकं चांगलं.

खरं तर या गाड्या मुळातच उंच आहेत. इंजिन ऑइल बदलायचं, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस मारायचं, यासाठी चारही चाकं जमिनीवर ठेवूनच माणूस खाली सरकू शकतो. तेव्हा आधी स्वतःला विचारा, उचलायची गरज आहे का? पाचरी मात्र तेव्हाही लागतातच.

ऑफ-रोडवाली मुलं एक लांब दांड्याचा हाय-लिफ्ट जॅक बाळगतात. चिखलात रुतलेली गाडी वर घ्यायला तो उत्तम. पण त्याच्यावर उभ्या केलेल्या गाडीखाली एक हातही घालू नका, आणि खाली घेताना त्याच्या दांड्याच्या वाटेत तोंड आणू नका. दांडा सुटला तर जबडा मोडतो.

घोड्या लावल्या, गाडी सावकाश त्यांच्यावर टेकवली, की खाली जायच्या आधी बाहेर उभं राहून गाडीला चांगला रेटा द्या. पुढून द्या, बाजूने द्या. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. मग काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी गाडी त्या चाकावर अडते आणि माणसाला जागा राहते. गाडीत कोणी बसायचं नाही, दार आपटायचं नाही, इंजिन सुरू करायचं नाही. आणि घरात कोणी नसताना हे काम करू नका. हाकेच्या अंतरावर एक मोठं माणूस हवं, ज्याला जॅक चालवता येतो असं.

काम झाल्यावर खाली राहिलेले पाने मोजा, मग गाडी उतरवा. चाकाचे नट समोरासमोरचे, एकाआड एक, असे आवळा, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावरच द्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासायचे. साक्रीहून धुळ्याला जाऊन आलात की एवढं अंतर होतंच, घरी पोचल्या पोचल्या पाना लावून बघा.

नमस्कार.