खजिनदार अ‍ॅन रिचर्ड्स

[दृश्य: ऑस्टिन, काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूवरचा पूल. सूर्यास्ताची वेळ. कठड्याला टेकून उभी गर्दी.]

उन्हाळ्यात ऑस्टिनला आलेला पाहुणा एखादी संध्याकाळ तरी या पुलावर घालवतो. पुलाच्या काँक्रीटमधल्या फटींत दिवसभर वटवाघळं झोपलेली असतात. ऐन हंगामात त्यांची संख्या 15 लाखांपर्यंत जाते. अंधार पडायला लागला, की ती बाहेर पडतात.

[वटवाघळांचा लोट. निवेदन नाही, फक्त पंखांचा आणि माणसांचा आवाज.]

2006 पासून या पुलाला अ‍ॅन डब्ल्यू. रिचर्ड्स यांचं नाव आहे. पांढऱ्याशुभ्र, उंच बांधलेल्या केसांच्या, बोलण्यात तिखट असलेल्या टेक्सासच्या गव्हर्नर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारख्या राज्याच्या कारभारी, म्हणून त्या अमेरिकेला आठवतात. आम्ही आलो आहोत ते त्याआधीच्या 8 वर्षांसाठी. 1983 ते 1991 या काळात अ‍ॅन रिचर्ड्स टेक्सास राज्याच्या खजिनदार होत्या.

[दृश्य: टेक्सासचं विधानभवन. लालसर ग्रॅनाइट, घुमट, वरचा पुतळा.]

आपल्याकडे राज्याचा अर्थमंत्री मुख्यमंत्री ठरवतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत खजिनदार थेट मतदार निवडून देतात. म्हणजे या माणसाला गव्हर्नरची मर्जी राखायची गरज नसते. कर किती लावायचा, खर्च कशावर करायचा, हे विधिमंडळ बघतं. खजिनदाराच्या हातात असतो तो प्रत्यक्ष पैसा. आलेली रक्कम बँकेत भरायची, कोणत्या बँकेत किती ठेवायची ते ठरवायचं, त्यावर व्याज मिळवायचं. टेक्सासमध्ये सिगारेटवरचा कर आणि बँकांतली बेवारस खातीही याच कार्यालयाकडे होती. असं काम सभेत सांगून टाळ्या मिळत नाहीत, म्हणूनच ते कुणाच्या हातात आहे याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

1941 ते 1977, सलग 36 वर्षं, हे पद एकाच गृहस्थांकडे होतं. त्यांचं नाव जेसी जेम्स. हो, त्या प्रसिद्ध दरोडेखोराचंच नाव. त्यांच्यानंतर आले वॉरन जी. हार्डिंग, एका जुन्या राष्ट्राध्यक्षाचे नामबंधू. मतपत्रिकेवर ओळखीचं नाव दिसलं, की शिक्का पडायचा.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. वेको, रस्त्याकडेची घरं, शाळेतल्या मुली.]

अ‍ॅन विलिस. जन्म 1 सप्टेंबर 1933, वेको शहराजवळच्या लेकव्ह्यूमध्ये. महामंदीचे दिवस आणि आईवडिलांची ही एकुलती एक मुलगी. शाळेत वादविवादात इतकी पुढे, की त्याच जोरावर बेलर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. 1953 मध्ये शाळेपासूनचा मित्र डेव्हिड रिचर्ड्स याच्याशी लग्न झालं. काही काळ ऑस्टिनमधल्या शाळेत शिकवलं. मग चार मुलं.

आणि मुलं सांभाळता सांभाळता राजकारण. पण कसलं? पाकिटं भरण्याचं, फोन करण्याचं, दुसऱ्यांच्या सभांच्या खुर्च्या मांडण्याचं. निवडणुकीतला हा सगळा भार बायकांनी उचलायचा आणि व्यासपीठावर पुरुषांनी बसायचं, ही रीत टेक्सासमध्ये होती तशी आपल्याकडेही होती. 1972 मध्ये सारा वेडिंग्टन या तरुण वकील विधिमंडळाची निवडणूक लढवत होत्या. त्यांच्या प्रचारात अ‍ॅन रिचर्ड्स उतरल्या आणि वेडिंग्टन जिंकल्या. दोन वर्षांनी विल्हेल्मिना डेल्को यांच्यासाठी काम केलं. त्याही जिंकल्या.

1976 मध्ये ट्रॅव्हिस काउंटीच्या आयुक्तपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक घरी आले ते डेव्हिडला विचारायला. डेव्हिडनं नाही म्हटलं. अ‍ॅन उभ्या राहिल्या, आणि तीनदा निवडून आलेल्या आयुक्ताला हरवून आल्या.

[दृश्य: ऑस्टिनबाहेरचा रस्ता, डांबराचं काम, पिवळी यंत्रं.]

काउंटी आयुक्त म्हणजे साधारण आपला जिल्हा परिषदेचा सदस्य समजा, पण रस्त्यांचा कारभार थेट हातात असलेला. रस्ते, पूल, त्यावर काम करणाऱ्या टोळ्या. सगळे पुरुष. पहिल्या भेटीचा किस्सा त्या स्वतः सांगायच्या. गोदामात शिरताना दारात एक कुरूप कुत्री पडली होती. आत गेल्यावर त्या बोलल्या, पण समोरून एक शब्द नाही. शांतता मोडायची म्हणून त्यांनी विचारलं, कुत्रीचं नाव काय? सगळ्यांच्या माना खाली. शेवटी मागून एकजण म्हणाला, आज ना उद्या कळणारच आहे, तिचं नाव अ‍ॅन रिचर्ड्स. त्या हसल्या. मग सगळेच हसले, आणि काम सुरू झालं.

बायकांनी सरकारात येऊन घर नीट चालवावं तसं सरकार चालवावं, असं कौतुकानं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. रिचर्ड्स यांना ते पुरेसं वाटत नव्हतं. आपल्या थडग्यावर ‘हिनं घर फार स्वच्छ ठेवलं’ असं लिहिलेलं नको, असं त्या पुढे एकदा म्हणाल्या. ‘हिनं सरकार सगळ्यांसाठी खुलं केलं’ असं लोकांनी म्हणावं, ही त्यांची इच्छा होती.

1980 मध्ये दारूच्या व्यसनावर उपचार घेऊन त्या परतल्या. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. 1984 मध्ये घटस्फोट झाला.

[दृश्य: 1982 च्या प्रचाराची छायाचित्रं.]

1982 मध्ये खजिनदार हार्डिंग यांच्यावर पदाच्या गैरवापराबद्दल आरोपपत्र दाखल झालं. पक्षांतर्गत निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीआधी ते शर्यतीतून बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅन रिचर्ड्स जिंकल्या. संपूर्ण राज्याच्या मतांवर एखादी स्त्री निवडून येण्याची टेक्सासमध्ये 50 वर्षांतली ही पहिलीच वेळ. त्याआधी 1932 मध्ये मिरियम फर्ग्युसन गव्हर्नरपदी निवडून आल्या होत्या, ज्यांचे पती आधी गव्हर्नर होते.

[दृश्य: एल. बी. जे. इमारत, ऑस्टिनमधली सरकारी कचेरी, लांब कॉरिडॉर. पडद्यावर आकडे.]

आता हा हिशेब नीट बघू, कारण या बाईंचं खरं मोठेपण आमच्या मते इथे आहे.

समजा, राज्याकडे कराचे 10 कोटी डॉलरचे चेक आले. व्याजदर धरू वर्षाला 8 टक्के, कारण त्या काळी दर चढेच होते. हे चेक एक दिवस टेबलावर पडून राहिले, तर जवळपास 22 हजार डॉलरचं व्याज बुडालं. शुक्रवारचे चेक सोमवारी भरले, तर 66 हजार. कुणी चोरी केली नाही, कुणी लाच खाल्ली नाही, तरी लोकांचा पैसा गेला. आणि जिथे भरायचा ते खातं बिनव्याजी असेल, तर तो पैसा बँकेला फुकट वापरायला मिळाला.

रिचर्ड्स यांनी हातानं चालणारं हे कार्यालय संगणकावर आणलं. आलेला चेक लवकरात लवकर बँकेत पोचेल अशी व्यवस्था लावली. पडून असलेला पैसा गुंतवला. एका सेंटानंही कर न वाढवता या कार्यालयानं राज्याला अब्जावधी डॉलर मिळवून दिले. नोकरभरतीत स्त्रियांना, कृष्णवर्णीयांना, मेक्सिकन वंशाच्या लोकांना जागा मिळाली. 1986 मध्ये फेरनिवडणूक आली, तेव्हा त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही.

[दृश्य: जुलै 1988, अटलांटा. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. मूळ आवाज.]

एका राज्याच्या खजिनदार बाईंना राष्ट्रीय अधिवेशनात मुख्य भाषणाचा मान मिळाला. 12 वर्षांपूर्वी टेक्सासच्याच बार्बरा जॉर्डन यांना तो मिळाला होता. 160 वर्षांत दोन बायका, असं रिचर्ड्स यांनी सुरुवातीलाच मोजून दाखवलं. मग म्हणाल्या, जुन्या चित्रपटांतल्या नाचणाऱ्या जोडीतल्या जिंजर रॉजर्सनं फ्रेड अस्टेअर करायचा ते सगळं केलं, फक्त उलट्या पावलांनी आणि उंच टाचा घालून.

आणि समोरच्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज बुश यांच्याबद्दल म्हणाल्या, बिचारा जॉर्ज, त्याचा काय दोष? तो चांदीचा पाय तोंडात घेऊनच जन्मला. भलतंच बोलून बसणाऱ्याला इंग्रजीत स्वतःचाच पाय तोंडात घालणारा म्हणतात. चांदीच्या चमच्याची आणि त्या पायाची त्यांनी एकाच वाक्यात गाठ मारली.

[सभागृहातला हशा पूर्ण चालू द्या.]

[दृश्य: 1990 च्या प्रचाराचं चित्रण. क्लेटन विल्यम्स घोड्यावर. मतमोजणीची रात्र.]

1990. गव्हर्नरपदाची निवडणूक. समोर मिडलंडचे धनाढ्य तेलव्यावसायिक क्लेटन विल्यम्स. एका कार्यक्रमात त्यांनी रिचर्ड्स यांच्याशी हात मिळवायला नकार दिला. त्याआधी बलात्काराची तुलना खराब हवामानाशी करणारा विनोद ते पत्रकारांसमोर बोलून गेले होते. रिचर्ड्स जवळपास 1 लाख मतांनी जिंकल्या.

[दृश्य: 15 जानेवारी 1991. काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूवरून विधानभवनाकडे चालत निघालेला जमाव. निवेदन नाही.]

गव्हर्नर म्हणून चार वर्षांत लॉटरी आली, श्रीमंत शाळा-जिल्ह्यांचा पैसा गरीब जिल्ह्यांकडे वळवणारा कायदा झाला, तुरुंग वाढले, बंदूक लपवून बाळगण्यासंबंधीच्या विधेयकाला त्यांनी नकाराधिकार वापरला. 1994 मध्ये त्याच जॉर्ज बुश यांच्या मुलानं, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी, त्यांना 53 विरुद्ध 46 टक्क्यांनी हरवलं.

[दृश्य: एल. बी. जे. इमारतीचं दार. जेवणाच्या सुटीत बाहेर पडणारे कर्मचारी.]

रिचर्ड्स यांच्यानंतर खजिनदार झाल्या के बेली हचिसन, रिपब्लिकन. त्या अमेरिकेच्या सिनेटवर गेल्यावर मार्था व्हाइटहेड. हे पद गेलं तर राज्याचे पैसे वाचतील, असं म्हणत व्हाइटहेड यांनी स्वतःचंच पद रद्द करण्यासाठी 1994 ची निवडणूक लढवली आणि जिंकली. 1995 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्तीला होकार दिला. बचतीचं कारण खोटं नव्हतं. तरी आम्हाला हे नोंदवावंसं वाटतं, की शेवटच्या तिन्ही खजिनदार स्त्रिया होत्या. 1996 मध्ये पद संपलं. चेक भरणं, गुंतवणूक, बेवारस खाती, सगळं कंट्रोलरकडे, म्हणजे राज्याचे हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलं. ते कार्यालय याच इमारतीत आहे.

[दृश्य: टेक्सास राज्य स्मशानभूमी, पूर्व ऑस्टिन. सकाळ.]

अ‍ॅन रिचर्ड्स 13 सप्टेंबर 2006 रोजी कर्करोगानं गेल्या. वय 73. पुढच्या वर्षी ऑस्टिनमध्ये त्यांच्या नावानं मुलींची सरकारी शाळा सुरू झाली.

[दृश्य: शाळेचं फाटक. सकाळची घंटा, आत जाणाऱ्या मुली. चित्र हळूहळू काळं.]