निळा घोडा आणि उघडं गेट

आमच्या ट्रिपचा हा व्हिडिओ. व्हेनिसहून ट्रेन निघाली की दोनेक तासांनी हे असं दिसायला लागतं, एका बाजूला चुनखडीचे कडे आणि दुसऱ्या बाजूला एकदम एड्रियाटिक समुद्र. आणि ते पांढरं दिसतंय ना टोकावर, तो मिरामारे किल्ला. पोरं सगळी खिडकीला चिकटलीयत. पुण्यातली काउन्सेलिंगची एमएची बॅच आहे ही, सोबत दोन मॅडम, आणि मुक्काम त्रिएस्ते. इटलीत जाऊन रोम नाही, पिसाचा मनोरा नाही, थेट त्रिएस्ते, हे घरच्यांना समजावताना नाकी नऊ आले होते. मेंटल हॉस्पिटल बघायला एवढे पैसे घालवायचे, असं एकीच्या काकांनी विचारलं, तर ती म्हणाली, काका, तिथे हॉस्पिटल उरलेलंच नाहीये, तेच तर बघायला चाललोय.

हे गेट बघा. सान जोव्हान्नी, त्रिएस्तेचं जुनं मनोरुग्णालय. १९०८ साली हे सुरू झालं तेव्हा त्रिएस्ते ऑस्ट्रिया-हंगेरीचं बंदर होतं, पैसा होता, म्हणून टेकडीवर अख्खं गावच वसवलं, चर्च, थिएटर, लॉन्ड्री, झाडांच्या रांगा. आणि माणसांची वर्गवारी, शांत वेगळे, आक्रमक वेगळे, घाण करणारे वेगळे, प्रत्येकाची इमारत ठरलेली. बाहेरून बघितलं तर हिल स्टेशनच वाटावं, आत मात्र कुलपं. १९७१ मध्ये इथे जवळपास १,२०० माणसं होती.

त्या वर्षी इथे डायरेक्टर म्हणून आले मानसोपचारतज्ज्ञ फ्रांको बसालिया. मूळचे व्हेनिसचे, विद्यार्थी असताना फॅसिस्टांच्या विरोधात काम केलं म्हणून जेलमध्ये जाऊन आलेले, त्यामुळे बंद दार म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याआधी १९६१ मध्ये ते गोरित्झियाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले, तर पहिल्याच दिवशी समोर रजिस्टर आलं, रात्री कोणाकोणाला बांधून ठेवलं त्याची यादी, सही करा म्हणे. त्यांनी नाही केली. एका न केलेल्या सहीपासून हे सगळं सुरू झालं असं मॅडम इथे सांगतायत, आणि मागे वारा बघा कसला सुटलाय, ह्याला इथे बोरा म्हणतात, माइकचं पार वाटोळं केलं त्याने.

(निवेदन थांबेल. वाऱ्याचा आवाज, भिंतीवरची अक्षरं.)

ला लिबेर्ता ए तेराप्युतिका. स्वातंत्र्यानेच माणूस बरा होतो. भिंतीवर रंगवलंय, पोरांनी इथे सेल्फी काढले, काढू देत.

आता हा फोटो. ब्लॅक अँड व्हाइट आहे, पण घोडा निळा आहे, निळाच पाहिजे असं पेशंट लोकांनी ठरवलं होतं. मार्को काव्हाल्लो त्याचं नाव. खरा मार्को म्हणजे इथल्या लॉन्ड्रीची गाडी ओढणारा घोडा. १९७२ मध्ये तो म्हातारा झाला, कसायाकडे जाणार होता, तर पेशंट लोकांनी सरकारला पत्र लिहिलं, तेही घोड्याच्याच नावाने, की मी इतकी वर्षं राबलो, मला आता सुखाने जगू द्या. आणि ते मान्य झालं! ज्यांच्या सहीला कायद्याने किंमत नव्हती त्यांचं पत्र मान्य झालं. मग १९७३ च्या सुरुवातीला रिकाम्या पडलेल्या पी वॉर्डमध्ये कलाकार आणि नाटकवाले येऊन बसले आणि सगळ्यांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा हा भला मोठा घोडा केला, चाकांवर, आणि पोटात काय, तर प्रत्येकाच्या इच्छा. बाहेर काढायची वेळ आली तेव्हा घोडा दारातून मावेना. आता घोडा कापायचा की दार फोडायचं? दार फोडलं. आणि घोड्यामागून पेशंट, नर्सेस, डॉक्टर, सगळे गावात. आपल्याकडच्या मिरवणुकीसारखंच दिसतं बघा हे, फक्त गुलालाची कमी आहे.

पण घोड्यापेक्षा कागदपत्रांचं काम मोठं. आधी कागदोपत्री पेशंटला पाहुणा केलं, म्हणजे राहायचं तर राहा पण कुलूप नाही. फुकट राबवून घ्यायचे त्याऐवजी १९७२ मध्येच साफसफाईची सहकारी संस्था काढली, पगार, हक्क सगळं. शहरात मानसिक आरोग्याची सेंटर उघडली, एकेक वॉर्ड रिकामा होत गेला, १९७७ च्या जानेवारीत हॉस्पिटल बंद करणार असं जाहीर केलं आणि १३ मे १९७८ ला इटलीचा कायदा १८० आला. नवीन माणूस पागलखान्यात भरती करायचाच नाही. जबरदस्तीने उपचार करायचे तर दोन डॉक्टर सांगणार, महापौर सही करणार, न्यायाधीश तपासणार, आणि मुदत ७ दिवस, मग परत सगळं पहिल्यापासून. इथे एकाने हात वर केलाय तो ह्याचसाठी, आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. महापौर कशाला मध्ये, हा त्याचा प्रश्न. उत्तर असं मिळालं की महापौर निवडून आलेला असतो, त्याला गावाला तोंड दाखवायचं असतं.

सगळं गोड गोड झालं असं नाही, १९६८ मध्ये गोरित्झियाच्या एका पेशंटने सुट्टीवर घरी जाऊन बायकोचा खून केला, बसालियांवर खटला झाला, ते सुटले. इटलीच्या बाकी भागांत सेंटर निघायला वर्षं गेली आणि तोवर घरच्यांचे हाल झाले.

हे आजचं सेंटर. साधा बंगला, गेट उघडं, चोवीस तास चालू, वर थोडे बेड. आपल्या पोरांना शिकवलंय काय, तर पन्नास मिनिटांचं सेशन, संमतीपत्र, खुर्च्या जरा तिरक्या ठेवा, टिश्यूचा बॉक्स हाताशी. इथे तसलं काही नाही. हे स्वयंपाकघर आहे. चेकचं टेबलक्लॉथ, त्यावर मोका पॉट, आणि हा काकांसारखा माणूस तक्रार करतोय की कॉफी गार झाली. उठून परत गॅसवर ठेवतेय ती इथली सायकियाट्रिस्ट. साताऱ्याची मुलगी शेवटी विचारतेच, मॅडम, सेशन कधी सुरू होणार? तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालूच आहे की.

आणि ही एका पेशंटच्या घरची भेट, ह्या जिन्याच्या वर कॅमेरा नेला नाही. नर्सबरोबर आपल्या दोघी वर गेल्या, दार काही उघडलं नाही. नर्स पायरीवर बसली आणि बंद दाराशी फुटबॉलवर बोलत राहिली, आतून मधूनमधून उत्तरं यायची, मग उद्या येते म्हणून निघाली. खाली आल्यावर दोघींचे चेहरे बघा. केस नोट्समध्ये काय लिहायचं ह्यावर बसमध्ये अर्धा तास वाद झाला, एकीचं म्हणणं, भेट झाली नाही असं लिहा, दुसरीचं म्हणणं, झाली की.

आणि हे गुलाब, जुन्या वॉर्डांच्या मधोमध हजारो झाडं आहेत. ह्या बाजूला रादिओ फ्रागोला, ह्याच आवारातलं रेडिओ स्टेशन. आपल्या पोरांना माइकसमोर बसवलं तर सगळ्यांची बोलती बंद, मग एकाने लाजत लाजत पसायदानाच्या दोन ओळी म्हटल्या.

आता प्रांतात सरकार बदललं, माणसं कमी, पैसे कमी अशी तक्रार तिथे ऐकू येते. इकडे आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि २०१७ च्या कायद्यात समाजात राहायचा हक्क लिहिलेलाच आहे. परत आल्यावर दोघीजणींनी डे-केअर सेंटरला प्लेसमेंट मागितलीय, एकाने एचआरची नोकरी धरली, बाकीच्यांचं ठरतंय. पुढच्या बॅचला जायचं असेल तर थोडं इटालियन शिकून जा, दुभाषी एकच असतो आणि त्यालाही जेवायला लागतं.