टिर्रर्र... फोन येतोय बघ!

श्रोते हो, नमस्कार.

वीसेक वर्षांपूर्वी रेडिओशेजारी मोबाइल ठेवला की काय व्हायचं, आठवतंय? घंटी वाजायच्या आधीच रेडिओतून ‘टिडिक्-टिडिक्, टिर्रर्र’ असा आवाज यायचा आणि घरातलं कुणीतरी म्हणायचं, “फोन येतोय बघ!” शेजारच्या काकांच्या फोनला मात्र ही खोड नव्हती. त्यांचा फोन सीडीएमए, आमचा जीएसएम. मोबाइलवरचं बोलणं हवेतून नेण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती.

जीएसएममध्ये एका लहरीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिलिसेकंद, की लगेच गप्प. बाकी सात जणांचं झालं की पुन्हा तोंड उघडायचं, असं सेकंदाला सुमारे 217 वेळा. फोनची ती धडधड रेडिओच्या तारांत शिरायची.

सीडीएमएमध्ये पाळीबिळी नाही, सगळे एकदमच बोलतात. लग्नघर डोळ्यांसमोर आणा. एकाच माजघरात दोघी मालवणीत बोलताहेत, दोघी अहिराणीत, दोघी कानडीत. ज्याला जी बोली कळते तीच कानाला लागते, बाकी सगळा गलका. तशी इथे प्रत्येक फोनला स्वतःची सांकेतिक बोली. पण एखादे मामा बेंबीच्या देठापासून ओरडू लागले तर? म्हणून टॉवर फोनला सेकंदाला 800 वेळा बजावत असे: हळू, अजून हळू, हं, आता जरा मोठ्याने!

तंत्र म्हणून मला सीडीएमएच सरस वाटतं. तेवढ्याच जागेत जास्त माणसं मावायची. 1995 मध्ये आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता, आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपये घेऊन सीडीएमए फोन हातात ठेवायला सुरुवात केली आणि मोबाइलचा थाट उतरला.

मग सीडीएमए मागे का पडलं, घोडं अडलं कुठे? नखाएवढ्या सिमकार्डापाशी. जीएसएमवाल्याने कार्ड काढलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं, झालं काम. आपल्याकडच्या बहुतेक सीडीएमए फोनांत नंबर फोनच्या पोटातच. काकांचा फोन बादलीत पडला, तेव्हा नंबर दुसऱ्या फोनवर चढवून घेण्यासाठी त्यांनी दुकानाचे तीन हेलपाटे घातले. शिवाय जीएसएम देशोदेशी पसरलेलं, त्यामुळे त्याचे फोन मिळायचेही हवे तेवढे.

गंमत पुढेच आहे. थ्री-जी आणताना जीएसएमवाल्यांनीच सांकेतिक बोलीची ही युक्ती उचलली, सिमकार्ड मात्र सोडलं नाही. युक्तीचे पेटंट बाळगून असलेल्या क्वालकॉम या अमेरिकन कंपनीने त्यांच्याकडूनही पैसे वसूल केले! फोर-जीने तर पाळ्या आणि बोली या दोन्हींपेक्षा वेगळीच वाट धरली.

आता रेडिओ गुरगुरत नाही. तरी कधी ती टिर्रर्र ऐकू आलीच, तर खुशाल समजा, जवळपासचा कुणाचा तरी फोन टू-जीवर, म्हणजे त्या जुन्या जीएसएमवर, उतरलाय.